शब्दचर्चा: ‘स्कूल ट्रस्टी’ला मराठीत काय म्हणावं? (सोबत मेयर, कौन्सिल, ॲट-लार्ज)

किटसिलानो

नमस्कार. व्हॅंकुव्हर महापालिकेची निवडणूक यंदा १७ ऑक्टोबरला, शनिवारी आहे. इथल्या ज्येष्ठ मराठी मतदारांसाठी आम्ही काही जण मराठीत एक पानी माहितीपत्रक तयार करतोय. त्यातल्या बऱ्याच जणांना कॅनडाचं नागरिकत्व अलीकडेच मिळालंय, पण महाराष्ट्रात त्यांनी आयुष्यभर मतदान केलंय. नगरसेवक, प्रभाग, महापौर हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. अडचण नेमकी तिथेच आहे. शब्द ओळखीचा निघाला की अर्थही तिकडचाच धरला जातो.

२०२२ साली इथे एका मतदाराला एकूण २७ जणांपर्यंत मतं देता येत होती: १ मेयर, १० कौन्सिलर, ७ पार्क बोर्ड कमिशनर आणि ९ स्कूल ट्रस्टी. शेवटच्या शब्दावर गाडी अडली आहे. मसुद्यात आम्ही ‘शाळा विश्वस्त’ लिहिलं होतं. एका काकांनी वाचून लगेच विचारलं, “कुठल्या ट्रस्टची शाळा?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. ट्रस्टबिस्ट काही नाही, या शहराच्या सरकारी शाळा आहेत. मग काय लिहावं?

धायरीकर

‘शाळा मंडळ सदस्य’ लिहा. पुण्यात महापालिकेचं शिक्षण मंडळ होतं, आणि ‘शिक्षण मंडळ सदस्य’, ‘शिक्षण मंडळ अध्यक्ष’ ही पदं इथल्या कुणालाही ठाऊक आहेत. शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर ही मंडळं टप्प्याटप्प्यानं बरखास्त झाली, पण शब्द अजून लोकांच्या तोंडात आहे. तुमच्या ज्येष्ठांच्या पिढीला तर नक्कीच.

किटसिलानो

‘शिक्षण मंडळ’ आम्हीही विचारात घेतला होता. दोन शंका आहेत. एक म्हणजे ‘मंडळ’ किंवा ‘बोर्ड’ म्हटलं की आज दहावी-बारावीची परीक्षा घेणारं मंडळ डोळ्यांपुढे येतं. इथल्या स्कूल बोर्डाचा परीक्षेशी किंवा अभ्यासक्रमाशी संबंध नाही, ते प्रांताचं, म्हणजे इथल्या राज्य सरकारचं काम आहे. दुसरी शंका अशी की पुण्यातल्या मंडळाचे सदस्य मतदार निवडत नव्हते ना?

धायरीकर

बरोबर. मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ खालच्या या मंडळांवरचे सदस्य नगरसेवक निवडून देत. सामान्य मतदारापुढे त्यांची मतपत्रिका कधी आलीच नाही. म्हणून तर शब्दाबरोबर ‘थेट निवडून येणारे’ हे जोडायलाच हवं. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला शाळेच्या कारभारासाठी वेगळं मत द्यायचं असतं, ही कल्पनाच नवी आहे. ती एका शब्दात मावणार नाही, त्यासाठी एक वाक्य खर्च करा.

मास्तरांची लेक

‘स्कूल बोर्ड’ हा शब्द आमच्या घरात रोज ऐकू यायचा. वडील प्राथमिक शिक्षक, ‘स्कूल बोर्डात लागले’ अशीच त्यांच्या नोकरीची ओळख. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तरी जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा मास्तर’ म्हणत राहिली. तुमच्या वाचकांतले ऐंशीच्या आसपासचे लोक ‘स्कूल बोर्ड’ वाचून बुचकळ्यात पडणार नाहीत. मी तर म्हणेन, ‘स्कूल बोर्ड सदस्य’च लिहा. मतपत्रिकेवर जे इंग्रजीत छापलंय त्याच्या जवळ राहिलेलं बरं.

मात्र एक गोष्ट पत्रकात नक्की लिहा. आमच्याकडे बोर्डाच्या सदस्याला लोक ओळखायचे ते शिक्षकांच्या बदल्यांसाठी. तिथला सदस्य बदल्या करत नसेल, शाळेत प्रवेश मिळवून देत नसेल, तर ते स्पष्ट सांगा. नाहीतर काका-काकू भलत्याच कामासाठी मत देतील.

किटसिलानो

नाही करत. मंडळ धोरण ठरवतं, वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करतं आणि सुपरिटेंडंट नेमतं. शाळा बंद करायची की नाही, शाळेच्या जमिनीचं काय करायचं, हेही मंडळच ठरवतं. रोजचा कारभार सुपरिटेंडंट आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी पाहतात. (सुपरिटेंडंटला आम्ही ‘मुख्य शिक्षणाधिकारी’ लिहिलंय, ते सगळ्यांना पटलंय.)

हे मत फुकट जात नाही, हे दाखवायला पत्रकात एक उदाहरण घेतलंय. व्हॅंकुव्हरच्या शाळांत पोलिस अधिकारी नेमण्याची योजना मंडळानं २०२१ मध्ये बंद केली. २०२२ च्या निवडणुकीत मंडळातलं बहुमत बदललं आणि नव्या मंडळानं ती बदललेल्या स्वरूपात परत आणली. दोन्ही निर्णय या ९ जागांवरच्या माणसांनी घेतले. मेयर किंवा कौन्सिलरनी नाही.

गिरगाव

मला ‘विश्वस्त’ टाकून द्यावासा वाटत नाही. आज हा शब्द देवस्थान, सार्वजनिक न्यास, धर्मादाय आयुक्त यांच्याशी बांधला गेलाय हे मान्य. विश्वस्त म्हटलं की नेमलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, मत मागायला दारात आलेला नाही. पण मूळ अर्थ पाहा: दुसऱ्याची ठेव ज्याच्या विश्वासावर सोपवली तो. मालकी त्याची नाही, जबाबदारी त्याची. शाळेच्या इमारती, जमिनी, पैसा हे सगळं मुलांसाठी सांभाळणाऱ्याला याहून नेमका शब्द मराठीत नाही. गांधीजींच्या विचारामुळे तो आपल्याकडे रुजलेलाही आहे. ‘सदस्य’ म्हटलं की ही सगळी जबाबदारी गळून पडते. सदस्य तर कुणीही असतो.

धायरीकर

तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण पत्रक मतदानासाठी आहे. वाचणाऱ्याला रांगेत उभं असताना कळलं पाहिजे.

गिरगाव

त्यालाही कळेल, जर शब्द समजावून सांगितला तर. आपण प्रत्येक वेळी सोप्या शब्दाकडे वळलो तर चांगले शब्द फक्त देवळांच्या पाट्यांवर उरतील.

जुना ब्रिटिश कोलंबियाकर

या चर्चेत एक गोष्ट राहतेय, आणि मला वाटतं निर्णय तिच्यावरूनच व्हावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी व्हॅंकुव्हरच्या सगळ्या निवडून आलेल्या ट्रस्टींना पदावरून काढलं. कायद्यानं अंदाजपत्रक संतुलित असावं लागतं, आणि ते त्यांनी मुदतीत मंजूर केलं नव्हतं. त्यांच्या जागी सरकारनं एकाच व्यक्तीची नेमणूक केली. तिचं कायद्यातलं पदनाम ‘ऑफिशियल ट्रस्टी’. एक वर्षानं, ऑक्टोबर २०१७ च्या पोटनिवडणुकीत नवे ९ जण निवडून आले.

इंग्रजीत निवडून आलेलाही ट्रस्टी आणि त्याला काढून सरकारनं बसवलेलाही ट्रस्टी. मराठीत असा गोंधळ करायची गरजच नाही. सरकारनं बसवलेल्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: प्रशासक. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकच होते. बाकीच्या शहरांतही तेच. निवडून आलेलं सभागृह नसणं म्हणजे काय, ते तिकडच्या लोकांना आता कुणी शिकवायला नको. तेव्हा निवडून आलेला तो ‘सदस्य’ आणि नेमलेला तो ‘प्रशासक’. ‘विश्वस्त’ लिहिलं तर दोघंही त्याच शब्दात जातात आणि मतदाराला जो फरक सगळ्यात जास्त महत्त्वाचा, तोच पुसला जातो.

गिरगाव

हे मात्र वजनदार आहे. ‘विश्वस्त’ निदान स्पष्टीकरणाच्या वाक्यात तरी ठेवा: ‘मुलांच्या शाळांचे विश्वस्त म्हणून काम पाहणारे, थेट निवडून येणारे शाळा मंडळ सदस्य’.

किटसिलानो

ठेवते. ‘स्कूल ट्रस्टी, म्हणजे शाळा मंडळ सदस्य’ असा मथळा आणि खाली तुमचं वाक्य. मतपत्रिकेवरचा शब्द आधी दिला की नजर नेमकी तिथे जाईल.

आता मेयर. आम्ही सरळ ‘महापौर’ लिहिलंय, पण एकांचं म्हणणं ‘नगराध्यक्ष’ हवं, कारण नगराध्यक्षच थेट लोकांतून निवडला जातो.

धायरीकर

तर्क चांगला आहे, तरी नको. नगराध्यक्ष नगरपरिषदेचा, आणि नगरपरिषद म्हणजे लहान शहर हे वाचकाच्या मनात पक्कं आहे. ‘सिटी कौन्सिल’ला ‘नगरपरिषद’ म्हणू नये तेही याच कारणानं. मुंबईत आणि पुण्यात लोक ‘महापालिकेची सभा’, ‘सभागृह’ म्हणतात. ‘महापालिका सभागृह’ लिहा.

‘महापौर’ शब्द सुरेख आहे. पुरात म्हणजे नगरात राहणारा तो पौर, त्यांच्यातला पहिला तो महापौर. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेल्या आणि टिकलेल्या शब्दांत तो नेहमी सांगितला जातो. मुंबईत हे पद १९३१ पासून ‘मेयर’ नावानं चालू झालं. आज मराठी वर्तमानपत्रं लंडनच्या मेयरलाही महापौरच लिहितात. पण अधिकारातला फरक मात्र सांगा. आपला महापौर नगरसेवकांनी निवडलेला, अडीच वर्षांचा, आणि खरी सत्ता राज्य सरकारनं पाठवलेल्या आयुक्तांकडे.

किटसिलानो

इथे मेयर थेट मतदार निवडतात, चार वर्षांसाठी. पण सभागृहात मेयरचं मत एकच, ११ पैकी १. त्यामुळे मेयर जिंकला आणि कौन्सिलर विरोधात गेले तर त्याचं काही चालत नाही. २०२२ मध्ये केन सिम मेयर झाले तेव्हा त्यांच्याच गटाचे ७ कौन्सिलर निवडून आले, म्हणून बहुमत हाती आलं. आयुक्तांसारखा सिटी मॅनेजर आहे, पण त्याला सभागृह नेमतं. राज्य सरकार नाही.

‘गटाचे’ लिहिलं खरं, पण इथल्या या संघटनांना काय म्हणावं? कायद्याच्या भाषेत त्या ‘इलेक्टर ऑर्गनायझेशन’ आहेत. एबीसी, कोप, वनसिटी, टीम अशी नावं. बहुतेकांचा देशपातळीवरच्या पक्षांशी संबंध नाही.

मास्तरांची लेक

पॅनेल! याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही. ग्रामपंचायत असो, साखर कारखाना असो, पतसंस्था असो, एकत्र येऊन निवडणूक लढवणाऱ्यांचं ‘पॅनेल’ असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

कोथरूडचा मतदार

पॅनेलला माझंही मत. आता मथळ्यातल्या ‘ॲट-लार्ज’बद्दल, म्हणजे प्रभाग न पाडता सगळ्या शहरातून निवडून देण्याबद्दल. व्हॅंकुव्हरला प्रभाग नाहीत असं वाचलं होतं, ते खरं का?

जुना ब्रिटिश कोलंबियाकर

खरं. १९३६ पासून प्रभाग नाहीत. ते परत आणावेत का, यावर २००४ मध्ये सार्वमत झालं, लोकांनी नको म्हटलं. त्यामुळे दहाही नगरसेवक सगळ्या शहराचे. ‘आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?’ या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. टोरांटोत असं नाही. तिथे २५ प्रभाग, प्रत्येकाला एकच नगरसेवक. २०१८ मध्ये निवडणुकीची तयारी चालू असतानाच प्रांतानं ४७ ठरलेले प्रभाग २५ वर आणले. शाळा मंडळंही तिथे चार आहेत: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, आणि फ्रेंचची तशीच दोन. त्यामुळे हे पत्रक तिकडच्या नातेवाइकांना पाठवू नका, त्यांचा घोटाळा होईल.

कोथरूडचा मतदार

मग ‘अख्खं शहर एकच प्रभाग’ असं लिहा. पुण्यात चार सदस्यांचा प्रभाग आहे, त्यामुळे एकाहून जास्त मतं द्यायची सवय आम्हाला आहे. मात्र सावध राहा. आमच्याकडे अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, त्यांचं आरक्षण वेगळं, आणि प्रत्येक जागेसाठी एक मत. तुमच्याकडे तशा जागा आहेत का?

किटसिलानो

नाहीत. एकच यादी, आणि सर्वाधिक मतं मिळालेले पहिले १० निवडून येतात. शाळा मंडळाला तसेच पहिले ९. दहापर्यंत खुणा करायच्या. कमी केल्या तरी चालतं. पण अकरा झाल्या तर त्या यादीतली सगळी मतं बाद.

कोथरूडचा मतदार

म्हणजे ‘दहापर्यंत’ हा तुमच्या पत्रकातला सगळ्यात मोलाचा शब्द झाला. तो ठळक छापा. ‘दहा उमेदवार निवडा’ असं लिहिलंत तर लोक अनोळखी नावांपुढे खुणा करून दहाचा आकडा भरतील, आणि ती मतं कदाचित त्यांच्याच आवडत्या उमेदवाराला पाडतील.

आणखी एक. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायची सवय असते. ‘क्रमांक लिहू नयेत’ हे वेगळं लिहा.

किटसिलानो

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. नक्की लिहिते. राहिलेले शब्द पटकन: ‘ॲक्लेमेशन’ला बिनविरोध, ‘बाय-इलेक्शन’ला पोटनिवडणूक. एप्रिल २०२५ च्या पोटनिवडणुकीत इथे लोक तासन्‌तास रांगेत होते, म्हणून आगाऊ मतदानाची सोय वरच दिली आहे. ‘आगाऊ’ शब्दावर कुणाची हरकत?

मास्तरांची लेक

‘मुख्य दिवसाआधीचं मतदान’ लिहा. लांब आहे, पण बोलताना तसंच म्हणतो. ‘आगाऊ’ आमच्याकडे पोराला म्हणतात, नाहीतर पैशाला.

किटसिलानो

चालेल. सुधारलेला मसुदा रविवारी इथेच टाकते. पार्क बोर्डासाठी ‘उद्यान मंडळ’ धरलंय. कुणाला त्याहून बरं सुचलं तर त्याआधी कळवा.