मुलाखतीत "पुढे काय प्लॅनिंग?" विचारणं: मालकाचा हक्क की आगाऊपणा?

निशिगंधा

कामाचे प्रश्न संपतात, पगाराचं बोलणं निघतं आणि पॅनेलमधलं कोणीतरी खुर्चीत मागे रेलून हसत हसत विचारतं, "लग्न झालंय? मिस्टर काय करतात? मग पुढे काय प्लॅनिंग?" तोवर ताठ बसलेली उमेदवार इथे गडबडते, कारण या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. "एवढ्यात नाही" म्हटलं तर समोरच्याला पटत नाही. "दोनेक वर्षांत" म्हटलं तर विषय संपला. "ते खासगी आहे" म्हटलं तर बाई तिरसट.

माझं मत स्पष्ट आहे. या उत्तराचा उपयोग उमेदवार गाळण्यापलीकडे काहीही नाही, म्हणून प्रश्न विचारूच नये. आणि हे काही आजचं नवं फॅड नाही. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीपूर्व फॉर्ममध्ये महिलांना मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांची माहिती भरावी लागायची. ती खोटी दिली असा ठपका ठेवून परिवीक्षेवरच्या एका कर्मचारी महिलेला काढलं, तेव्हा १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि फॉर्ममधले ते रकाने काढून टाकायला सांगितलं. रकाने फॉर्ममधून गेले, प्रश्न मात्र पॅनेलच्या तोंडी राहिला. लेखी नसल्यामुळे आता दाखवायला पुरावाही नाही.

तुम्हाला काय वाटतं? मालक मंडळींनीही मोकळेपणाने लिहा.

धंदेवाईक

मालक मंडळींना बोलावलंत म्हणून लिहितो, नंतर चपला घेऊन धावू नका.

माझं चौदा जणांचं ऑफिस आहे. दहा किंवा जास्त माणसं असली की मातृत्व लाभाचे नियम लागू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पूर्ण पगारी रजा. आधी १२ होते. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं की हक्क लागू. हा पगार सरकार देत नाही, विमा कंपनी देत नाही, मी देतो. वर तिच्या जागी तात्पुरता माणूस, त्यालाही पगार. मोठ्या कंपनीत हजारात एक माणूस सहा महिने नसला तर कळतही नाही. माझ्याकडे अकाउंट्सला दोनच जण आहेत.

मी बायकांच्या विरोधात नाही. चौदात पाच आहेत. पण ज्याचा खर्च माझ्या बोकांडी बसणार ते आधी विचारूही नये, हे काही पटत नाही. मुलाला "परदेशी शिकायला जायचा विचार आहे का" विचारतोच की.

पेन्सिलवाली

एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे टेबलाच्या या बाजूचं सांगते. उत्तर मिळाल्यावर पुढे काय होतं ते बघा. उमेदवार "पुढच्या वर्षी" म्हणाली, मग पॅनेलने बदली माणसाची तजवीज केली, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. होतं ते असं: मूल्यमापनाच्या कागदावर गुण पेनाने भरतात. शेवटी रिमार्कचा रकाना असतो. त्यात एका साहेबांची सवय होती पेन्सिलीने लिहायची, "आर. एम." म्हणजे रिसेंटली मॅरिड. यादी अंतिम झाली की खोडरबर. फाइलला जाणारा कागद स्वच्छ, आणि नाकारल्याचं कारण "कम्युनिकेशन स्किल्स".

त्याच रकान्यात पुरुषाबद्दल "मॅरिड, २ किड्स" पेनाने लिहिलेलं असायचं. ते त्याच्या बाजूने मोजलं जायचं. माणूस स्थिरावलाय, ईएमआय आहेत, पळून जाणार नाही.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं हेच मोजलं. तोडीस तोड पात्रतेचे अर्ज, एकात फक्त पालक-शिक्षक संघाचं काम केल्याची ओळ, म्हणजे आई असल्याची खूण. मूल नसलेल्या बाईला आईपेक्षा दुपटीहून जास्त बोलावणी आली. बाप असल्याची ओळ टाकली तर पुरुषांचं काही बिघडलं नाही. धंदेवाईक साहेब, यात रजेच्या हिशोबाचा भाग कितीसा? मुलं होऊन गेली आहेत, बाळंतपण झालेलं आहे, तरी नको.

वाटसरू

+१ पेन्सिलवाली. "कम्युनिकेशन स्किल्स"ला तर मेडल द्यायला हवं.

उलटतपासणी

प्रश्न वाईट आहे, मान्य. पण बंदीने काय साधणार? न विचारता वय दिसतं, अंगठी दिसते, आडनाव बदललेलं दिसतं. माहिती बंद केली की माणूस अंदाजावर जातो, आणि अंदाज सरसकट असतो. मग पंचवीस ते पस्तीस वयाच्या सगळ्याच बायका संशयित.

हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अर्जावर गुन्हेगारी नोंद विचारायला बंदी आली, हेतू हा की तुरुंगातून सुटलेल्यांना संधी मिळावी. अगन आणि स्टार या दोघी संशोधकांनी न्यू जर्सी व न्यूयॉर्कमध्ये बंदीच्या आधी आणि नंतर हजारो बनावट अर्ज पाठवून तपासलं. बंदीआधी गोऱ्या अर्जदारांना कृष्णवर्णीयांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी होती. बंदीनंतर ४३ टक्के. विचारता येत नाही म्हटल्यावर मालकांनी कातडीच्या रंगावरून अंदाज बांधला. ज्यांच्या भल्यासाठी नियम केला त्यांचंच जास्त नुकसान.

निशिगंधा

अभ्यास चांगला दिलात, पण इथे लागू होत नाही. गुन्ह्याची नोंद नसलेला माणूस "नाही" म्हणतो आणि ते तपासून खरं ठरतं, म्हणून प्रश्नाने त्याचा फायदा होतो. इथे "मला मूल नको" म्हणणाऱ्या बाईचं कोण खरं मानतं? "आत्ता असंच म्हणतात सगळ्या." म्हणजे उत्तराने कोणाचीच सुटका होत नाही, फक्त खरं बोलणारी अडकते. शिवाय वयावरून अंदाज आजही बांधतातच, प्रश्न विचारूनसुद्धा.

स्पष्टवक्ती

मी बाई आहे आणि मला विचारलेलं चालतं. उलट बरं वाटतं. ज्या साहेबाला माझ्या पोटातल्या बाळाचा त्रास होणार आहे तो मला पहिल्याच दिवशी कळावा. कायद्याच्या धाकाने गोड बोलून घेतलं आणि नंतर रजेवरून आल्यावर कोपऱ्यातलं टेबल दिलं, तर काय करायचं? मी तिथेच सांगते, "दीड-दोन वर्षांत विचार आहे, जमत असेल तर बोला." दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्यांनी घेतलं.

पेन्सिलवाली

ताई, हिंमतीला सलाम. पण तुमच्याकडे तिसरं ठिकाण होतं. तुमचं कौशल्य मागणीतलं असणार. जिला हीच एक नोकरी आहे तिने काय करावं? तिला साहेब कसा आहे हे कळून उपयोग काय, भाडं तर भरायचंच आहे.

स्पष्टवक्ती

तो मुद्दा आहे. तरी गप्प बसायचा कायदा मला नको, एवढंच म्हणते.

कलमकसाई

थोडं कायद्याचं, कारण धाग्यात गोंधळ दिसतोय. स्पष्टवक्ती, उमेदवाराला कोणीच गप्प बसवत नाही. बंधन विचारणाऱ्यावर असतं. जर्मनीत तर त्याच्याही पुढे: गर्भवती आहात का, हा प्रश्नच तिथली कामगार न्यायालयं गैर मानतात, त्यामुळे उमेदवार बेधडक खोटं उत्तर देऊ शकते आणि त्या कारणावरून करार रद्द होत नाही. चीननेही २०१९ मध्ये भरती करताना लग्न आणि मुलांबद्दल विचारायला मनाई केली.

आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला मनाई केली. पण "हा प्रश्न विचारू नये" असं नेमक्या शब्दांत कुठे नाही. खासगी कंपनीत नुसत्या प्रश्नावर दाद मागायला गेलात तर भेदभाव सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. सरकारी नोकरीत राज्यघटना थेट मदतीला येते, तरी तिथेही आनंदच. लष्कराच्या परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी महिलेला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं, तिला सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळाला २०२४ मध्ये. स्टेट बँकेने २०२१ च्या अखेरीला तीन महिन्यांहून जास्त गर्भवती उमेदवार "तात्पुरती अपात्र" असं परिपत्रक काढलं आणि ओरड झाल्यावर स्थगित केलं.

धंदेवाईक, तुमच्या खर्चाच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार हेच म्हणतो की रजेच्या पैशांचा थेट भार एकट्या मालकावर टाकू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. भारताने तो स्वीकारलेला नाही. राज्य कामगार विम्याखाली येणाऱ्या कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना ही रक्कम विम्यातून मिळते. त्या मर्यादेच्या वर पगार गेला की सगळं मालकाच्या खिशातून.

धंदेवाईक

बघा! तेच तर बोंबलतोय. रजा द्यायचं पुण्य सरकारचं, चेक माझा.

पेन्सिलवाली

पैशाचं मान्य. पण "माणूस सहा महिने नसतो" हे रडगाणं मला पटत नाही. बाळंतपणाची कल्पना चार-पाच महिने आधी येते आणि बाई परत येते. राजीनाम्याची कल्पना एक-दोन महिने आधी, आणि तो परत येत नाही. तुमचे किती पुरुष तीन वर्षं टिकले?

धंदेवाईक

फार नाही टिकले. पण गेलेल्याचा पगार मला द्यावा लागत नाही.

उलटतपासणी

यावर उपाय बापांना घरी बसवणं. चेष्टा नाही. स्वीडनने १९७४ मध्येच पालकत्व रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली, पण बाप घेईनात. १९९५ पासून एक महिना बापासाठी राखीव ठेवला, न घेतल्यास वाया. आता प्रत्येक पालकाचे ९० दिवस राखीव आहेत. तिशीतला पुरुषही तीन महिने गायब होणार असेल तर "प्लॅनिंग" त्यालाही विचारावं लागेल, आणि सगळ्यांनाच विचारायचं झालं की विचारण्यात राम राहत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. खासगीत कंपनीची मर्जी.

निशिगंधा

हे आवडलं. तोवर निदान एवढं तरी करता येईल: कामाला जे लागतं तेवढंच विचारा, आणि सगळ्यांना विचारा. "महिन्यातले आठ-दहा दिवस फिरती आहे, महिनाअखेरीला उशीर होतो, जमेल का?" पुरुषालाही. त्याची आई आजारी असेल तर तो नाही म्हणेल, आणि दोन मुलांची आई हो म्हणेल. उमेदवारांनीही हीच वाट धरावी. "प्लॅनिंग काय" आलं की शांतपणे "कामाच्या वेळांबद्दल विचारताय का?" असं म्हणायचं. बहुतेक जण ओशाळून "हो हो, तेच" म्हणतात.

धंदेवाईक

हे वाक्य माझ्यावर कोणी वापरलं तर मीही ओशाळेन, खोटं कशाला बोलू. पण माझी खरी अडचण सांगतो, त्यासाठीच धागा वाचत होतो. अकाउंट्सच्या जागेसाठी तिसऱ्या फेरीत एक उमेदवार आहे. मी काहीही विचारलं नाही, तिने स्वतःच सांगितलं, चौथा महिना चालू आहे. बाकी सगळ्यांपेक्षा उजवी आहे. आज घेतली तर रजेआधी ८० दिवस आरामात भरतात. आता?

कलमकसाई

नेमकी हीच केस युरोपियन न्यायालयापुढे १९९० मध्ये आली होती, नेदरलँड्सची. उमेदवाराने तीन महिन्यांची गर्भवती असल्याचं स्वतःहून सांगितलं. निवड समितीने तिलाच सर्वांत योग्य ठरवलं. संस्थेने नाकारलं, कारण विमा कंपनी तिच्या रजेचे पैसे भरून देणार नव्हती आणि बदली माणूस परवडत नव्हता. न्यायालय म्हणालं, गर्भवती फक्त बाईच होऊ शकते, त्यामुळे हा सरळ लिंगभेद आहे, आणि आर्थिक नुकसान ही सबब चालणार नाही.

धंदेवाईक

म्हणजे तिथेही संस्थेनेच सोसायचं.

कलमकसाई

हो.

धंदेवाईक

ठीक. सोमवारी पार्टनरशी बसतो. आठ महिन्यांचा कॅश फ्लो मांडलाय, रजेच्या काळात बाहेरचा अकाउंटंट अर्धवेळ घेतला तर कसंबसं जमेल असं दिसतंय. मार्चअखेर मधे येतोय तेवढं सोडून. पार्टनर मात्र तुमच्यातल्या कोणाचंच ऐकणार नाही.

पेन्सिलवाली

पार्टनरला रिमार्कचा रकाना पेनाने भरायला सांगा.