सेवा केंद्रात अर्धा दिवस साइटी शोधण्यात जायलाय, बुकमार्क कसे लावता तुम्ही?

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी, मी इथं नुसता वाचत असतो, लिहायलोय पहिल्यांदाच. तालुक्याच्या गावाला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं सेवा केंद्र आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मी आणि हाताखाली एक पोरगा. काम म्हणाल तर सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, पीएम किसानचं स्टेटस, महाडीबीटीचे फॉर्म, लाइटबिल, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, जे येईल ते. शटर उघडायच्या आधीच पहिल्या बसनं आलेली माणसं पायरीवर बसलेली असतात.

अडचण अशी की काम दोन मिनिटाचं आणि साइट सापडायलाच पाच मिनिटं. परवा मुद्दाम मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं. एका बाबांना सातबारा पाहिजे होता, गुगलवर सातबारा टाकलं, वर जाहिरात आली, घाईत तिच्यावरच क्लिक झालं, तिथं नाव आणि मोबाइल नंबर मागायलं, माघारी आलो, दुसरी लिंक उघडली तर "सातबारा कसा काढावा संपूर्ण माहिती" असा कुणाचा तरी ब्लॉग, त्यात खाली खाली गेल्यावर कुठं खरी लिंक. चार मिनिटं वीस सेकंद. बाबा म्हणले, एवढ्यात घरी जाऊन आलो असतो.

आता तुम्ही म्हणाल बुकमार्क करून ठेव की. केलेत राव! तीन वर्षं झाली, साइट दिसली की दाब पत्त्याशेजारची चांदणी चालूय. चारशेच्या वर असतील. सगळे एकाच ढिगात. त्यातल्या अकरांचं नाव नुसतं "लॉगिन", सहांचं "मुखपृष्ठ", आणि निम्म्यांवर क्लिक केलं की "सेशन एक्सपायर्ड". वरून पोरगा त्यातच क्रिकेटचे स्कोअर आणि पोलीस भरतीचे पेपर टाकतो. कसं लावावं हे सांगा, आणि नवीन सॉफ्टवेअर नका सांगू, पैशाचं तर अजिबातच नको.

पैठणगेट_वरचा (छत्रपती संभाजीनगर)

सॉफ्टवेअरची गरजच नाही, क्रोममधे आहे तेवढं पुष्कळ आहे. मी ऑफिसांचे कॉम्प्युटर बघतो, तुमच्यासारखा ढीग दहातल्या नऊ ठिकाणी असतो.

आधी सेशनचं. तुम्ही लॉगिन करून आत गेल्यावर चांदणी दाबता, बरोबर? आतल्या पानाचा पत्ता त्या लॉगिनपुरताच असतो, लांबलचक असतो आणि त्यात आकडे अक्षरं काहीबाही असतात. लॉगआउट झालं की तो पत्ता मेला. म्हणून बुकमार्क करायचा तो लॉगिनच्या आधीचा, दारातला. मेलेले जेवढे आहेत तेवढे दुरुस्त करत बसू नका, उडवा.

पण उडवायच्या आधी कंट्रोल शिफ्ट ओ दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडेल, वर उजवीकडं तीन ठिपके आहेत त्यात एक्स्पोर्ट म्हणून आहे, एक एचटीएमएल फाइल निघते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. चुकून भलतंच उडालं तर तिथंच लगेच कंट्रोल झेड चालतं, पण ब्राउझर बंद केल्यावर त्याच्यावर भरवसा नको.

मग कंट्रोल शिफ्ट बी. पत्त्याच्या खाली पट्टी येईल. रोज दहादा लागतात त्या सात आठ साइटीच पट्टीवर, बाकी काहीही नाही. प्रत्येकावर राइट क्लिक, एडिट, आणि नाव स्वतः द्यायचं. साइटवाल्यांनी दिलेलं नाव कधीच ठेवायचं नाही, त्यांच्यासाठी ते मुखपृष्ठ असेल, तुमच्यासाठी नाही. ज्याचं चिन्ह तोंडपाठ आहे त्याचं नाव पूर्ण पुसलं तरी चालतं, नुसतं चिन्ह राहतं, जागा वाचते.

तारखेचा_माणूस (जालना)

मी टॅक्सचं काम करतो, माझं लावणं वेगळंय, पटलं तर घ्या. मी साइटीच्या नावानं फोल्डर करतच नाही, तारखेनं करतो. एका फोल्डरचं नाव "११" आणि एकाचं "२०". म्हणजे जीएसटीची दोन रिटर्न, महिन्याला जीएसटीआर वन भरणारे ११ तारखेचे आणि थ्री बी वाले २० तारखेचे. त्या दिवशी त्या कामाला जे जे लागतं, पोर्टल, बँकेचं चलन, पार्टीचं शीट, सगळं त्याच फोल्डरमधे. एकच साइट दोन फोल्डरमधे आली तर येऊ द्या, बुकमार्कला काय भाडं लागतंय का. फोल्डरवर कंट्रोल धरून क्लिक केलं की आतलं सगळं एकदम वेगवेगळ्या टॅबमधे उघडतं.

बाकी आमचे मोठे साहेब अजून त्याला फेव्हरिटच म्हणतात, इंटरनेट एक्स्प्लोररमधली सवय. तो एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमधे बंद झाला पण साहेब बरोबरच आहेत म्हणा, त्याच्या जागी आलेल्या एजमधे अजून फेव्हरिटच लिहिलेलं असतं.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर

तारखेचं भारीय पण माझ्याकडं गिऱ्हाईक तारीख बघून येत नाही ना. आणि सगळं एकदम उघडायचं आजच करून बघितलं, नऊ टॅब उघडले, नेट घुटमळलं, आणि तिसऱ्या टॅबमधलं काम होईपर्यंत पाचव्यात लॉगिन केलेलं बाहेर पडलं.

तारखेचा_माणूस

हां, सरकारी पोर्टलवर ते नका करू, तिथं थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर काढतंय. मी आधी नुसते उघडून ठेवतो, लॉगिन ज्याचं काम आलं त्यातच. तुमच्या धंद्याला एकेकच बरं.

शाळेतली_बाई (हिंगोली)

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, मुख्याध्यापकांचं ऑनलाइनचं सगळं माझ्याच गळ्यात, पगाराचं शालार्थ, शाळेच्या माहितीचं यूडायस, स्कॉलरशिप, आणि शाळेतला कॉम्प्युटर एकच. मला फोल्डरचा कंटाळा येतो, खरं सांगते. फोल्डर केले की कुठल्या फोल्डरमधे ठेवलं ते शोधत बसायचं, म्हणजे कपाटाची किल्ली ठेवायला दुसरं कपाट.

मी काय करते, नाव असं देते की पत्त्याच्या जागी दोन तीन अक्षरं टाइप केली की तोच वर आला पाहिजे. क्रोम टाइप करता करता बुकमार्कच्या नावातले शब्द पण बघतं. आता गंमत अशी की नाव मराठीत दिलं तर शोधायला कीबोर्ड मराठी करावा लागतो, आणि घाईत तो कधी इंग्रजीवर असतो कधी मराठीवर, "शाळा" लिहायला जावं तर भलतीच अक्षरं उमटतात. म्हणून मी नावात दोन्ही टाकते, पुढं इंग्रजी अक्षरात छोटं आणि मागं मराठीत पूर्ण. दादा, तुमच्या सातबाऱ्याला तर आकडेच आहेत की! नावात इंग्रजी आकड्यात ७१२ लिहा, मधली तिरकी रेघ देऊ नका. कीबोर्ड इंग्रजीवर असला की तीन बटणं आणि एंटर.

नुसत्या बुकमार्कमधेच शोधायचं असलं तर पत्त्याच्या जागी ॲट द रेट लावून इंग्रजीत बुकमार्क्स लिहायचं, टॅबचं बटण दाबायचं, मग शब्द. फायरफॉक्स असेल तर आधी गुणाकाराचं ते चांदणीवालं चिन्ह, एक जागा सोडून शब्द.

निवांत_नांदेडकर

एवढा कुटाणा कशाला करायलात. मी सगळ्या लिंक व्हॉट्सॲपवर मलाच पाठवतो.

पैठणगेट_वरचा

आणि मग सापडतात का?

निवांत_नांदेडकर

नाही ना भौ. कालच बायकोनं पाठवलेली किराणाची यादी आणि इन्कम टॅक्सची लिंक एकाखाली एक होती. पण मनाला बरं वाटतं, कुठंतरी हायेत म्हणून.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर

😂 बाईंचं ७१२ आवडलं, आत्ता करून बघितलं, खरंच तीन बटणात.

पण मला दोन सातबारे लागतात हो. एक फुकटचा, नुसता बघायला, बिनसहीचा. दुसरा डिजिटल सहीचा, त्याला १५ रुपये शासनाची फी आहे, बँकेत आणि बाकी सरकारी कामाला तोच चालतो. पोरानं दोनदा फुकटचा काढून दिला, माणूस बँकेतून परत आला, वर मलाच बोलला. दोन्ही साइटी दिसायला भाऊ भाऊ.

आणि दुसरं एक, नकली साइटींचं काय करायचं. मागं एकानं माझ्याकडून दाखल्याच्या नावाखाली जादा फी उकळली, पेज असलं हुबेहूब की मला महिनाभर कळलंच नाही, सिंहाची राजमुद्रा बिजमुद्रा सगळं.

शाळेतली_बाई

मग नावातच लिहा की दादा. "७१२ बघायला फुकट" आणि "७१२ सहीचा १५ रु". पोरगा वाचेल तरी.

पैठणगेट_वरचा

नकलीवर बुकमार्कइतका स्वस्त इलाज दुसरा नाही, हे माझं मत. गुगलवर शोधायचंच बंद झालं की जाहिरातीवर क्लिक व्हायचा प्रश्नच येत नाही. फक्त पहिल्यांदा बुकमार्क करताना डोळ्यात तेल घालून बघायचं. पत्त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपीएसपुढच्या दोन रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधीचा शेवट सरकारी पोर्टलला डॉट जीओव्ही डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असा पाहिजे, पुढचा डॉट पण बघायचा. सुरुवातीला भूलेख, महा, किसान, सेवा असलं काय वाट्टेल ते कुणीही लिहू शकतं, शेवट मात्र असा विकत मिळत नाही. राजमुद्रेचं चित्र तर कॉपी पेस्ट आहे, त्याच्याकडं बघूच नका. कुलपाचं चिन्ह असलं म्हणजे साइट सरकारी असं पण नसतं, नकलीवर पण कुलूप असतंय.

आणि पोरगा. त्याला वेगळं प्रोफाइल करून द्या, क्रोममधे उजवीकडं वर गोल चित्र असतं तिथून. त्याचे बुकमार्क त्याच्याकडं, तुमचे तुमच्याकडं. इन्कॉग्निटोमधे बुकमार्क केला तर तो राहत नाही असं कुणी सांगितलं तर खोटंय, राहतो. हिस्टरी राहत नाही, बुकमार्क राहतो. आणि गिऱ्हाइकाचे पासवर्ड ब्राउझरमधे सेव्ह करू नका, विचारलं की नाही म्हणा. हे जरा विषय सोडून आहे पण सेवा केंद्रात हमखास बघायला मिळतंय म्हणून बोललो.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर (आठ दिवसांनी)

झालं एकदाचं. रविवारी शटर अर्धं खाली ओढून बसलो, दोनदा लाइट गेली, तरी चारपर्यंत उरकलं. चारशेतून एकोणचाळीस राहिले. बाकीचे एकतर मेलेले, नाहीतर एकच साइट सात सात वेळा.

करता करता एक गोष्ट ध्यानात आली ती सांगतो, दुसऱ्या केंद्रवाल्यांना उपयोग होईल. मी आधी खात्यानुसार फोल्डर केले, महसूल, कृषी, शिक्षण, ऊर्जा. दुपारी पोराला म्हणलं पीएम किसान काढ, त्यानं महसूलमधे शोधलं, मग कृषीत. नॉन क्रिमीलेयर काढ म्हणलं तर शिक्षणमधे गेला, का तर ते कॉलेजच्या पोरांना लागतं. त्याचं पण बरोबरच होतं की. मग सगळं मोडलं आणि माणूस दारात येऊन काय म्हणतो त्यानुसार केलं. पायरीवर चढतानाच तो सांगतो, "वावराचं हाय", "पोराचा दाखला पाहिजे", "पैसे आले का बघा", "बिल भरायचंय". म्हणून फोल्डर चारच: वावर, दाखले, पैसे आले का, बिल. पोलीस भरती आणि परीक्षा पोराच्या प्रोफाइलला दिल्या, त्यातलं त्यालाच जास्त कळतं.

पीक विम्याचे माझ्याकडं पाच बुकमार्क निघाले, २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा होता तेव्हाच्या गर्दीत केलेले, एकाचं नाव "१ रु विमा चालू". ती एक रुपयाची भानगड २०२५ च्या खरिपापासून गेली, आता शेतकऱ्याला हप्ता भरावा लागतो, पण पोर्टल तेच आहे. म्हणजे नावात योजनेचं वर्ष किंवा रक्कम टाकली की नाव जुनं होतं आणि साइट तशीच राहते. आता नुसतं "पीक विमा". १५ रुपयेवाल्या सातबाऱ्याचं तेवढं राहू दिलं, पोरासाठी.

पट्टीवर सात ठेवलेत. जालन्यावाल्या सरांचं पण एक घेतलं, "जुलै" नावाचं फोल्डर केलं, खरिपाचा विमा आणि कॉलेज ॲडमिशनचे दाखले एकाच वेळेला अंगावर येतात तेव्हासाठी. एकच साइट दोन ठिकाणी आलीय, येऊ दिली.

काल तेच बाबा परत आले, आठ अ पाहिजे होता. साइट उघडायला तीन चार सेकंद लागले असतील, घड्याळ काढेपर्यंत उघडली पण. मग खाते नंबर बाबांना आठवंना, त्यांनी घरी फोन लावला, घरच्यांनी शेजाऱ्याला विचारलं, त्यात गेली दहा मिनिटं. त्याला बुकमार्क काय करणार.

शाळेतली_बाई

खाते नंबर विसरला तर नावानं पण शोधता येतं की दादा तिथं.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर

येतं ना, पण त्या गावात त्या आडनावाचे निम्मे लोक. यादीच संपंना.

पैठणगेट_वरचा

नवीन लावलेल्याची एक्स्पोर्ट फाइल काढली का? जुनी नाही, आत्ताची.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर

उद्या काढतो.

पैठणगेट_वरचा

उद्या नाही. कंट्रोल शिफ्ट ओ. आत्ता.

मोंढ्याजवळचा_ऑपरेटर

लाइट आली की काढतो, मोबाइलवरून लिहायलोय.