रेडिस ८ की व्हॅल्की? आणि सवडीतले योगदान कोणत्या प्रकल्पाला द्यावे?

भीमाकाठ

नमस्कार. मी पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आम्ही सहकारी पतसंस्थांसाठी हिशेब आणि कर्जवसुलीची प्रणाली तयार करतो. बहुतेक संस्थांना सभासदांची माहिती बाहेर ठेवायची नसते, त्यामुळे ही प्रणाली त्यांच्याच कार्यालयातील सर्व्हरवर बसवून द्यावी लागते. लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्यांची सत्रे आणि हप्त्याची आठवण देणाऱ्या एसएमएसची रांग या दोन कामांसाठी आम्ही पहिल्यापासून रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस वापरतो. मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला, तेव्हा पुढे काय करावे हे ठरेना, म्हणून आम्ही ७.२ वरच थांबलो.

आता निर्णय टाळता येणार नाही. आमच्या संचालकांचे म्हणणे असे की, मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय आला आहे, म्हणजे प्रश्न मिटला, तेव्हा सरळ ८ वर जावे. आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह मात्र व्हॅल्कीचा, म्हणजे रेडिसच्याच कोडवरून निघालेल्या स्वतंत्र शाखेचा, आहे. परवान्यांची भाषा दोनदा वाचूनही माझा निर्णय होत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या वाटचालीचा आहे. मला सी ही प्रोग्रामिंग भाषा चांगली येते, रेडिसचा कोड वाचायला आवडतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा प्रकल्पात काम करण्याची इच्छा आहे. चांगल्या कंपन्यांच्या मुलाखतीत अशा कामाची दखल घेतली जाते, हेही खरे. परंतु ज्या प्रकल्पाचा मालक उद्या नियम बदलू शकतो, त्याला आपला वेळ द्यावा का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

संहिता_वाचक

आपण परवान्याचे नाव पाहून निर्णय घेऊ पाहता आहात. परवाना आज काय करता येईल ते सांगतो. उद्याचे कळायचे असेल, तर तो परवाना बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे हे पाहावे लागते.

रेडिसचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने २००९ मध्ये तो सुरू केला आणि बीएसडी या ओपन सोर्स परवान्याखाली सर्वांना दिला. त्याच्या कामाला आधी व्हीएमवेअर, मग पिव्होटल आणि २०१५ पासून रेडिस लॅब्ज या कंपनीचा आर्थिक आधार होता. २०१८ मध्ये रेडिस या नावाचे व्यापारचिन्ह-हक्क या कंपनीकडे गेले. त्याच वर्षी कंपनीने आपल्या काही जोड-मॉड्यूलांवर निर्बंध घातले, आणि लोकांनी ओरड केल्यावर रेडिसचा गाभा मात्र बीएसडीखालीच राहील, असे जाहीर सांगितले. २०२० मध्ये सान्फिलिप्पो बाजूला झाला आणि कारभार पाच जणांच्या मंडळाकडे आला. त्यात तिघे रेडिस लॅब्जचे होते, एक सदस्य ॲमेझॉनची आणि एक अलिबाबाचा. मार्च २०२४ मध्ये आवृत्ती ७.४ पासून बीएसडी गेला आणि त्या जागी आरएसएएल व एसएसपीएल हे दोन परवाने आले. ओपन सोर्स परवाने तपासून मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची या दोहोंपैकी एकालाही मान्यता नाही.

यात बेकायदेशीर काहीही नव्हते, आणि नेमके तेच समजून घेण्यासारखे आहे. बीएसडी इतका सैल परवाना आहे की, त्याखाली आलेला कोड कोणीही आपल्या बंदिस्त उत्पादनात घेऊ शकतो. फक्त मूळ हक्कसूचना जपावी लागते. त्यामुळे जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या दुरुस्त्या कंपनीला नव्या अटींखाली नेता आल्या, आणि त्यासाठी कोणाचीही संमती घ्यावी लागली नाही. लिनक्सच्या कर्नलबाबत असे घडू शकत नाही. तिथे बदललेला कोडही त्याच अटींखाली वाटायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती लागू आहे, हजारो लोकांचे हक्क त्यांच्या-त्यांच्याकडेच आहेत, आणि त्या सर्वांच्या संमतीवाचून परवाना हलवता येत नाही.

आता एजीपीएल आला म्हणून प्रश्न मिटला का? रेडिस ८ तीन परवान्यांपैकी कोणत्याही एकाखाली घेता येतो, आणि एजीपीएल हा त्यांतला एक आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा खरा ओपन सोर्स परवाना आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र रेडिसला कोड पाठवताना आता योगदान-करार मान्य करावा लागतो, आणि त्यामुळे तो कोड हव्या त्या अटींखाली देण्याची मुभा कंपनीला मिळते. म्हणजे एजीपीएलचे बंधन तुमच्यावर आणि माझ्यावर आहे, कंपनीवर नाही.

व्हॅल्कीचा पाया वेगळा आहे. परवाना बदलल्यानंतर सुमारे आठवडाभरात लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेने ७.२.४ वरून काढलेली ही शाखा जाहीर केली. परवाना तोच जुना बीएसडी. योगदान-करार नाही, प्रत्येक बदलाखाली आपण तो देण्यास पात्र आहोत, अशी सही करावी लागते, एवढेच. नावाचा हक्क फाउंडेशनकडे आहे, आणि तांत्रिक मंडळात एकाच संस्थेची माणसे एक तृतीयांशाहून अधिक असू नयेत, असे नियमावलीत लिहिलेले आहे. बीएसडी असल्यामुळे उद्या एखादी कंपनी व्हॅल्कीचीही बंदिस्त आवृत्ती काढू शकेल, परंतु व्हॅल्की हे नाव आणि कोडचे मूळ भांडार तिला सोबत नेता येणार नाही. माझ्या मते आपण सुट्टीचे दिवस देणार असाल, तर ते तिथेच द्यावेत.

तिसरी_बाजू

वरील प्रतिसादातील तपशील बरोबर आहेत, तरी त्यातून उमटणारे चित्र एकांगी आहे. रेडिसच्या कंपनीने अनेक वर्षे प्रोग्रामरांना पगार दिला, दोष निस्तरले आणि दस्तऐवज लिहिले. त्याच काळात मोठ्या क्लाउड कंपन्यांनी तयार सेवा म्हणून रेडिस भाड्याने देऊन पैसा केला. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये परवाने बदलले, त्यामागेही इतरांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्याची हीच तक्रार होती. आरएसएएलमधील मुख्य बंदी अशी सेवा विकण्यावर आहे. पतसंस्थांना हिशेबाची प्रणाली देणाऱ्या कंपनीला ती सहसा लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट. सान्फिलिप्पो २०२४ च्या अखेरीस कंपनीत परतला, रेडिस ८ मधील व्हेक्टर सेट हा डेटाप्रकार त्यानेच लिहिला, आणि एजीपीएलसाठीही त्याने आग्रह धरला होता. ज्याने ही वस्तू घडवली, तो तिथे बसून रोज कोड लिहितो आहे. सी शिकण्याच्या दृष्टीने त्याचे बदल वाचणे आणि त्यावरची चर्चा पाहणे हे मोठे शिक्षण आहे. व्हॅल्कीच्या मागे तरी कोण उभे आहे? ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. या कंपन्यांना तुमच्या सुट्टीतील श्रमाची फुकट मदत करणे अधिक नैतिक कसे ठरते, हे मला समजलेले नाही.

संहिता_वाचक

क्लाउड कंपन्यांवरचा आपला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मात्र त्यांनी काहीच दिले नाही असे म्हणता येत नाही. वर उल्लेखलेल्या पाच जणांच्या मंडळात ॲमेझॉन आणि अलिबाबाचे लोक होते, ते कोड लिहीत होते, आणि परवाना बदलल्यावर व्हॅल्की उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. नैतिकतेचा निवाडा बाजूला ठेवून मी इतकेच विचारतो की, तुम्ही दिलेल्या कामावर कोणा एकाला विशेष अधिकार मिळतो का? रेडिसमध्ये मिळतो, व्हॅल्कीत मिळत नाही.

सर्व्हर_सांभाळणारा

मी प्रत्यक्ष यंत्रणा चालवणारा माणूस आहे, म्हणून वापराच्या बाजूने लिहितो. योगदान कोणाला द्यावे, हा निर्णय तुमचा.

आपण लिहिले आहे की प्रणाली ग्राहकाच्या सर्व्हरवर बसवून देता. ही बाब महत्त्वाची आहे. स्वतःच्या सर्व्हरवर एखादे सॉफ्टवेअर चालवणे वेगळे आणि त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही वितरक ठरता. एजीपीएलखाली रेडिस ८ दिलात, तर त्याच आवृत्तीचा मूळ कोड ग्राहकाला मिळण्याची सोय करावी लागेल आणि परवान्याची प्रत सोबत द्यावी लागेल. तुमचा स्वतःचा कोड वेगळ्या प्रक्रियेत चालतो आणि सॉकेटवरून रेडिसशी बोलतो, त्यामुळे तोही खुला करावा लागेल ही भीती सहसा अनाठायी असते. तरीही संस्थेच्या लेखापरीक्षकाने विचारले, तर लेखी उत्तर तयार हवे. बीएसडीत हक्कसूचना जोडली की काम झाले. लहान कंपनीसाठी हा फरक मला मोठा वाटतो.

७.२ वरच बसून राहू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ल्युआ या भाषेतील स्क्रिप्ट चालवणाऱ्या भागातील एक अत्यंत गंभीर दोष उघड झाला. तो सुमारे तेरा वर्षे कोडमध्ये होता, आणि त्याला १० पैकी १० अशी तीव्रता दिली गेली. रेडिस आणि व्हॅल्की या दोघांनीही दुरुस्त्या काढल्या, ७.२ मालिकेलाही त्या वेळी दुरुस्ती मिळाली, पण जुन्या मालिकेला त्या कायम मिळत राहणार नाहीत. आपण नेमक्या कोणत्या उपआवृत्तीवर आहात, ते आजच पाहावे.

आपण ७.४ वर गेला नाहीत, हे फार बरे झाले. व्हॅल्की ७.२ पर्यंतच्या रेडिसच्या डेटा-फाइली जशाच्या तशा वाचते, ७.४ पासून फाइलीचे स्वरूप बदलले आणि हा सरळ रस्ता बंद झाला. आमच्याकडील पद्धत अशी आहे: त्याच यंत्रावर व्हॅल्की दुसऱ्या पोर्टवर, म्हणजे ६३७९ ऐवजी ६३८० वर, चालू करायची आणि तिला चालत्या रेडिसची प्रतिकृती (रेप्लिका) म्हणून जोडायची. सर्व डेटा उतरून दुवा ‘अप’ दिसू लागला, की रांगेत नवे एसएमएस टाकणारी प्रक्रिया थांबवायची, दोन्हीकडील कळांची (कीज) संख्या जुळते का ते पाहायचे, ‘रेप्लिकाऑफ नो वन’ ही आज्ञा देऊन व्हॅल्कीला स्वतंत्र करायचे आणि ॲप्लिकेशनमधील पोर्ट बदलायचा. क्लायंट लायब्ररी बदलावी लागत नाही. काम संध्याकाळी, संस्थेचा दिवसअखेरचा हिशेब बंद झाल्यानंतर करावे. जुना रेडिस लगेच काढू नये, पण त्याच्याकडे लिहिणाऱ्या सर्व वाटा बंद झाल्या आहेत याची खात्री करावी, नाहीतर तोच एसएमएस दोनदा जाईल आणि हप्ता भरलेला सभासद दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन भांडेल.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ग्राहकाला प्रत देताना आम्ही वितरक ठरतो, हा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता. संचालकांसमोर तोच प्रथम मांडणार आहे. आवृत्त्या पाहिल्या. काही संस्थांमध्ये ७.२.४ आहे, म्हणजे त्या दोषाची दुरुस्ती तिथे नाही, आणि त्या यंत्रांचे काम आधी हाती घेत आहोत. योगदानाबाबत व्हॅल्कीपासून सुरुवात करण्याचा विचार आहे. नवख्याने कुठून सुरुवात करावी?

तिसरी_बाजू

माझे मत कायम असले तरी या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे. नवी सोय लिहायला जाऊ नका. भांडारात टीसीएल भाषेत लिहिलेल्या चाचण्या आहेत आणि त्यांतल्या काही कधी उत्तीर्ण होतात, तर कधी विनाकारण अनुत्तीर्ण. अशी एक चाचणी निवडा आणि ती नेमकी कोणत्या क्षणी बिघडते, ते शोधा. या कामाला फारसे कोणी हात लावत नाही, त्यामुळे देखभाल करणारे त्याकडे लगेच लक्ष देतात, आणि शोध घेताना प्रतिकृती व इव्हेंट लूप (विनंत्या एकामागून एक हाताळणारे मुख्य चक्र) या दोन्ही भागांचा कोड बारकाईने वाचून होतो. मुलाखतीत सांगायला हे एक काम छोट्या-छोट्या टंकनदुरुस्त्यांच्या यादीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडेल.