लव्हक्राफ्ट ऐकताना जास्त का भिववतो

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टची विशेषणांनी लगडलेली वाक्यं वाचताना दमवतात, पण ऐकताना तीच अंगावर येतात, हे एका वाचकाचं निरीक्षण मला अगदी पटलं. त्याचा निवेदक बहुतेकदा जबानी दिल्यासारखा बोलतो, म्हणून असेल. १९२८ची 'द कॉल ऑफ क्थुल्हू' ही कथा तर निवेदकाच्या मृत चुलत आजोबांची कागदपत्रं, शिल्पकाराची स्वप्नं, पोलिसाची हकिकत अशी तुकड्यातुकड्यांनी जुळत जाते. चांगला अभिवाचक तिथे आवाज चढवत नाही. स्वतःच्याच आठवणीवर विश्वास बसत नसल्यासारखा थबकत वाचतो. (मागे अखंड घोंघावणारं संगीत लावणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार!)

ऐकण्यासाठी आणखी एक कथा सुचवतो: इंग्रज भयकथाकार अल्जर्नन ब्लॅकवुडची १९०७ची 'द विलोज'. पूर आलेली डॅन्यूब नदी, वाळूच्या बेटावर तंबू ठोकलेले दोघे प्रवासी, भोवती वाळुंजाची झुडपं. अक्राळविक्राळ प्राणी वगैरे नाहीच. दूरवरून येणारा, घंटेच्या घुमण्यासारखा एक नाद आहे, आणि तो नेमका कुठून येतोय ते दोघांनाही कळत नाही. हेडफोन लावून ऐकलंत तर तुम्हीही तो शोधायला लागाल. खुद्द लव्हक्राफ्ट या कथेला फार वरचं स्थान द्यायचा. नक्की ऐका, आणि वेग वाढवून ऐकू नका.