टायटन गच्चीवरूनही दिसतो

कोथरूडच्या उजेडात ७० मिमी भिंगाच्या दुर्बिणीतून गुरूच्या चार चंद्रांपलीकडे काही हाती लागणार नाही, आणि तेही एकदा पाहिले की झालं, असं एकाने लिहिलंय. मला ते पटत नाही. शनीचा चंद्र टायटन साधारण साडेआठ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका ठिपका मंद), तेवढं शहरातूनही जमतं. तो शनीपासून कड्यांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या रुंदीच्या चारेक पट लांबपर्यंत जातो आणि १६ दिवसांत फेरी पुरी करतो. दर दोन दिवसांनी शनी आणि त्याच्याजवळचे ठिपके वहीत मांडा. ठिपका तारा असेल तर शनीपासून मागे पडेल, टायटन सोबत राहील.

आणि गुरूचे चंद्र 'एकदा पाहिले, झालं' असं का? त्यातला आयो ४२ तासांत गुरूभोवती फिरतो, गुरूजवळ असला तर तासाभरात सरकलेला कळतो. ग्रहणं तर चुकवूच नका! गुरूच्या सावलीत शिरताना चंद्र काही मिनिटांत विझत जातो. आयोच्या अशाच ग्रहणांच्या वेळांवरून १६७६ साली डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरने प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवलं.

मंगळाचे चंद्र मात्र सोडून द्या. आणि स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तेव्हा संध्याकाळपेक्षा उशिरा रात्री बघा, प्रतिमा कमी थरथरते.