अवकाश पर्यटन: दहा मिनिटांची हौस की पुढच्यांसाठी वाट?

चांदणवेल
१९ मे २०२४ ला गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिन या खाजगी अमेरिकी कंपनीच्या न्यू शेपर्ड यानातून वर जाऊन आले. पहिले भारतीय अवकाश पर्यटक म्हणून त्यांचं कौतुक झालं. मला मात्र ते मनापासून करवलं नाही. जेमतेम दहा मिनिटांचं उड्डाण, त्यात तरंगायला मिळतात तीन-चार मिनिटं. २००१ मध्ये अमेरिकी उद्योजक डेनिस टिटो स्वखर्चाने रशियाच्या सोयुझ यानातून अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून ऐकतेय की हे हळूहळू स्वस्त होईल. व्हर्जिन गॅलेक्टिक या दुसऱ्या कंपनीचं तिकीट २ लाख डॉलरवरून अडीच, मग साडेचार आणि पुढे ६ लाखांवर गेलं. याला स्वस्त होणं म्हणायचं?

रानवाटा
असहमत. वॉली फंक या अमेरिकी महिला वैमानिकाचं नाव तुम्ही घेतलंच नाही. १९६१ मध्ये त्यांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या दिल्या, अंधाऱ्या टाकीत पाण्यावर तासन्‌तास तरंगून दाखवलं. पण नासा तेव्हा बायकांना घेतच नव्हती. अखेर २० जुलै २०२१ ला, ८२ व्या वर्षी, त्या न्यू शेपर्डमधून गेल्या. तसंच हेली आर्सेनो यांचं. लहानपणी हाडाचा कर्करोग झाला, मांडीत धातूची दांडी. सरकारी निवडीत त्या बसल्या नसत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्पिरेशन-४ या खाजगी मोहिमेत त्या तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आल्या, आणि त्या मोहिमेने मुलांच्या कर्करोग रुग्णालयासाठी २० कोटी डॉलरहून जास्त निधी जमवला. ही दारं खाजगी उड्डाणांनीच उघडली.

गणितवेडा
माझा आक्षेप पैशाला नाही, काजळीला आहे. व्हर्जिनच्या युनिटी यानात रबरासारखं घन इंधन जळायचं. खालच्या हवेतली काजळी पाऊस धुऊन नेतो. स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, पाऊसच नाही, तिथे ती वर्षानुवर्षं राहते आणि ऊन शोषून हवा तापवते. न्यू शेपर्ड हायड्रोजनवर चालतं, त्यातून वाफ निघते, हे मान्य. पण आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो. आज उड्डाणं मोजकी आहेत म्हणून चाललंय. रोज व्हायला लागली तर?

रानवाटा
मग इंधनाचे नियम करा, उड्डाणं कशाला थांबवायची?

गणितवेडा
नियम कोण करणार? अमेरिकेत प्रवाशांच्या सुरक्षेचे नियमसुद्धा अजून नाहीत. २००४ च्या कायद्याने, गंभीर अपघात किंवा तसा धोका दिसल्याशिवाय, सरकारचे हात बांधलेत आणि ती मुदत वाढतच चालली आहे. प्रवाशाने 'धोका समजला' अशी सही करायची, बस. ३१ ऑक्टोबर २०१४ ला कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटावर चाचणीत व्हर्जिनचं यान फुटलं. उतरताना वर वळणाऱ्या शेपटीची खीळ काही सेकंद आधी उघडली गेली. सहवैमानिक गेला.

चांदणवेल
रानवाटा, वॉली फंक यांच्याबद्दल तुमचं पटलं, वाचताना डोळे भरून आले. पण एक सांगते. २ लाख डॉलर भरून त्यांनी व्हर्जिनचं तिकीट २०१० मध्येच काढलं होतं. दहा वर्षं थांबल्या. शेवटी गेल्या त्या दुसऱ्या कंपनीच्या मालकाच्या, जेफ बेझोस यांच्या पाहुण्या म्हणून. निमंत्रण आलं नसतं तर?