पावसाळी मुक्कामाचा ट्रेक, सोबत विद्यार्थी : तुमचे अनुभव

शनिवारी सकाळी निघायचं, रात्री तंबूत मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. पंधरा-वीस विद्यार्थी, त्यातले निम्मे पहिल्यांदाच मोठी सॅक पाठीला लावणारे, आणि अंदाज दोन्ही दिवस पावसाचा. असे गट नेणाऱ्यांनी, सामान बघणाऱ्यांनी, प्रथमोपचार सांभाळणाऱ्यांनी अनुभवातून पक्क्या झालेल्या गोष्टी लिहाव्यात. किस्से नकोत, पद्धत हवी.

*

सॅकपासून सुरुवात करतो. रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. पाणी खांद्याच्या पट्ट्यांवरून ओघळत पाठीच्या बाजूने आत शिरतं, आणि नेमकं तिथेच कव्हर नसतं. खरं काम करते ती सॅकच्या आत घातलेली जाड प्लास्टिकची पिशवी. 50-60 लिटरच्या सॅकला 80-90 लिटरची पिशवी घ्या, म्हणजे तोंड पिळून, दुमडून रबरबँड लावण्याइतकी वर उरते. गाठ मारू नका, गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही आणि पिशवी फाटते. पिशवीत तळाला स्लीपिंग बॅग, त्यावर झोपायचे कपडे. तंबूचं बाहेरचं कापड, पोन्चो, दिवसभराचा खाऊ हे पिशवीच्या बाहेर, वरच्या बाजूला.

झोपायचे कपडे म्हणजे एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक पायजमा, मोज्यांचा एक जोड. हे चालताना अंगावर चढवायचे नाहीत. सकाळी कोरडे कपडे पुन्हा पिशवीत आणि कालचे ओले अंगावर. मुलांना हे फार जिवावर येतं, पण चालायला लागलं की थोड्या वेळात अंग तापतं. सकाळी कोरड्या कपड्यांत निघालेल्याकडे रविवारी अडकून पडल्यास काहीच कोरडं नसतं.

निघण्याआधी प्रत्येक सॅक जमिनीवर रिकामी करून तपासावी. मुलांनी ‘घेतलंय’ म्हणणं पुरेसं नाही. वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत ठेवा, कारण भिजलेला तंबू आणि दोर वाटेत त्यात भर घालतातच.

*

कपड्यांबद्दल एकच : जीन्स आणि सुती टीशर्ट घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं, आणि पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर किंवा पॉलिएस्टर भिजलं तरी थोडी ऊब राहते. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की फुगवटाच जातो, पावसात सिंथेटिक बरी. चढावर जॅकेटची चेन उघडी ठेवा. बंद जॅकेटमध्ये मूल घामाने भिजतं आणि ‘जॅकेट गळतंय’ म्हणतं.

*

वेळेचा हिशेब बहुतेक गट चुकवतात. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा नियम आजही पाया म्हणून चालतो : दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. पण हा हिशेब धडधाकट, सरावलेल्या माणसाचा आणि चांगल्या वाटेचा आहे. नवख्या विद्यार्थ्यांना, ओल्या वाटेवर, पाठीवर ओझं असताना तो दीडपट धरा. 10 किलोमीटर आणि 600 मीटर चढ म्हणजे नियमाने तीन तास, तुमच्यासाठी साडेचार, थांबे वेगळे. अंधाराच्या दोन तास आधी तंबू लागलेच पाहिजेत. तिथून उलटं मोजून परत फिरायची वेळ आदल्या दिवशीच जाहीर करा. वाटेत ठरवायला गेलात तर उत्साह जिंकतो.

सर्वांत हळू चालणारा हा सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या लगेच मागे हवा. तो शेवटी राहिला तर पुढचे थांबून गारठतात, हा पोचताच उठून चालायला लागतात, आणि ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. पावसात थांबे पाच मिनिटांचे, पण जास्त वेळा. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा, आणि मोजणारा माणूस एकच ठेवा.

*

ओढ्यांचं कुणीतरी लिहायलाच हवं. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतं, त्यामुळे परतीच्या वाटेवरचा प्रत्येक ओढा नकाशावर आधीच बघून ठेवा. पाणी गढूळ झालंय, फांद्या वाहून येताहेत, तळातून दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी उतरायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तरी नाही. छोटे ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात, थांबणं हाच मार्ग असतो. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, तोंड पाणी येतं त्या बाजूला ठेवा, बूट घालूनच उतरा. ओढ्याला आडवा दोर ताणून त्याला मुलांना बांधू नका. पाय सुटला तर दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

*

वर झोपायचे कपडे चालताना घालायचे नाहीत असं आलंय. अपवाद एकच, हायपोथर्मिया. शरीराच्या आतलं तापमान 35 अंश सेल्सियसखाली गेलं की तो सुरू झाला. त्यासाठी बर्फ लागत नाही, पाऊस, वारा आणि रिकामं पोट पुरतं. मूल अडखळतं, बोलणं जड होतं, चेन लावता येत नाही, चिडचिड करतं किंवा एकदम गप्प होतं. गप्प झालेल्याकडे आधी जा. थरथर थांबली आणि तरी ते सुस्त असेल तर प्रकृती बिघडते आहे, सुधारत नाही. तिथेच आडोसा करा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, मॅटवर स्लीपिंग बॅगमध्ये ठेवून वरून ताडपत्री गुंडाळा. शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तर गरम गोड पेय. हातपाय चोळू नका. शुद्ध हरपत असेल तर आडवंच ठेवा, चालवू नका, मदत बोलवा.

*

तंबूच्या आधी ताडपत्री ताणा. तिच्याखाली मुलं उभी राहतात, स्वयंपाकही तिथेच होतो. तंबूत स्टोव्ह कधीही नाही, आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. तळाला अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावत असेल तर आत दुमडा, नाहीतर ते पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली सोडतं. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून झोपण्याआधी सगळे दोर पुन्हा ताणायचे. सकाळी आत दिसणारे थेंब बहुधा गळतीचे नसून श्वासाच्या वाफेचे असतात. वरची खिडकी उघडी ठेवली की ते बरेच कमी होतात.

*

पाय : रात्री पुसून कोरडे करा, कोरडे मोजे घाला. सकाळी बोटांमध्ये आणि टाचेला पेट्रोलियम जेली.

*

पाणी : गार हवेत मुलं पीत नाहीत, थांब्यावर पाजायला लागतं. गढूळ पाण्याने फिल्टर तुंबतो. आधी भांड्यात निवळू द्या, कापडातून गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं.

*

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीसच्या आत आला तर डोंगराची धार, एकटं झाड, उघडं मैदान सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिकडे परत जाऊ नका.

*

परतल्यावर तंबू त्याच रात्री उघडून टांगा. ओला गुंडाळून ठेवलेल्या तंबूला बुरशी लागते, आतला थर चिकट होऊन सुटतो. तंबू कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी वाळणार हे निघण्याआधी नावानिशी लिहून ठेवा.